श्रीधर व्यंकटेश केतकर

श्रीधर व्यंकटेश केतकर (जन्म : रायपूर, २ फेब्रुवारी १८८४, मृत्यू : पुणे, १० एप्रिल १९३७) हे मराठी समाजशास्त्रज्ञ, इतिहाससंशोधक, कादंबरीकार आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रमुख संपादक होते. ज्ञानकोशकार या उपाधीने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. जातिसंस्था, हिंदू धर्मशास्त्र, अर्थशास्त्र, राजकारण, वेदविद्या, प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास आणि काव्यसमीक्षा अशा परस्परांपासून दूर असलेल्या विषयांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. सरकार, संस्थान किंवा विद्यापीठ यांपैकी कोणाच्याही हाती न देता, भागभांडवल आणि वर्गणीदार यांच्या बळावर त्यांनी ते उभे केले व पूर्ण केले.

जन्म व शिक्षण

केतकरांचा जन्म तत्कालीन मध्य प्रांतातील रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावती येथे झाले. नंतर त्यांनी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्रवेश घेतला. पाठ्यक्रमाच्या चौकटीपेक्षा अवांतर वाचनाकडे त्यांचा ओढा अधिक होता. मुंबई विद्यापीठाच्या पदवीसाठी न थांबता १९०६ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. परदेशी जाणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी त्या काळी इंग्लंडची वाट धरत आणि बॅरिस्टरी किंवा सनदी नोकरी डोळ्यांपुढे ठेवत. केतकरांनी निवडलेला देशही वेगळा होता आणि विषयही. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

जातिसंस्थेचा अभ्यास

कॉर्नेल येथील संशोधनातून हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ तयार झाला. ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ या नावाने त्याचा पहिला खंड १९०९ मध्ये इथाका येथे प्रसिद्ध झाला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे २५ वर्षांचे होते. मनुस्मृतीचा काळ इसवी सनाचे तिसरे शतक हा धरून, त्या ग्रंथाच्या पुराव्यावरून तत्कालीन समाजस्थितीचा अंदाज घेण्याचा प्रयत्न त्यांनी या खंडात केला. खंडाच्या शेवटी त्या काळच्या मानववंशशास्त्रातील मूलभूत दोषांची चर्चा करणारे परिशिष्ट आहे. नाकाडोळ्यांची व कवटीची मापे घेऊन हिंदी समाजाची वांशिक विभागणी करण्याची पद्धत तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांत रूढ होती. जातींची मांडणी अशा मोजमापांवर आधारणे केतकरांना मान्य नव्हते. जात हा त्यांच्या मते सामाजिक संबंधांचा प्रश्न होता आणि तो त्याच अंगाने अभ्यासला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

जातीची व्याख्या करताना त्यांनी दोन लक्षणे पुढे ठेवली. एक, जातीचे सदस्यत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच मर्यादित असते. दुसरे, जातीबाहेर विवाह करण्यास सदस्यांना बंदी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्यात सेनार, नेसफील्ड आणि रिस्ली या अभ्यासकांबरोबर केतकरांच्या व्याख्येचाही परामर्श घेतला आहे. एकटी जात सुटी काढून न पाहता तिचा इतर जातींशी असलेला संबंध केतकरांनी लक्षात घेतला, याचे श्रेय आंबेडकरांनी त्यांना दिले. मात्र ही दोन लक्षणे वेगळी नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचवली. अशा रीतीने दोन मराठी भाषकांमधील एक महत्त्वाची शास्त्रीय चर्चा अमेरिकेत आणि इंग्रजी भाषेत घडली. असे विचार मांडण्याची सोय मराठीत का नसावी, हा प्रश्न पुढे केतकरांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी आला.

याच विषयाचा दुसरा खंड, हिंदू समाजाची घडण आणि भवितव्य यांविषयीचा ‘ॲन एसे ऑन हिंदुइझम’, १९११ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. अमेरिकेतून परतताना केतकर काही काळ लंडनमध्ये राहिले. तेथेच ईडिथ कोन या जर्मन ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला.

मायदेशी परत

१९१२ मध्ये केतकर हिंदुस्थानात आले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी काही काळ अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शिकवले. ही नोकरी फार टिकली नाही. त्यानंतर त्यांनी दक्षिण हिंदुस्थानात प्रवास केला. भारतीय अर्थशास्त्रावरील एक ग्रंथ आणि हिंदू कायद्याच्या ऐतिहासिक अभ्यासाच्या पद्धतीवरील दुसरा ग्रंथ असे त्यांचे दोन इंग्रजी ग्रंथ १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या तिशीत पोहोचेपर्यंत समाजशास्त्र, धर्म, कायदा आणि अर्थशास्त्र या चार विषयांवर त्यांचे ग्रंथ निघाले होते. ते सर्व इंग्रजीत होते. यानंतर त्यांनी आपली लेखणी प्रामुख्याने मराठीकडे वळवली.

ज्ञानकोशाची कल्पना

मराठीत कोशरचनेची परंपरा केतकरांच्या आधीपासून होती. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ मध्येच निघाला होता. तथापि सर्व विद्याशाखा कवेत घेणारा, अनेक खंडांचा आधुनिक कोश मराठीत नव्हता. ज्यांना इंग्रजी येत होते ते ब्रिटानिका कोश पाहत. ज्यांना येत नव्हते, त्यांच्यासाठी जगाच्या ज्ञानाचे दार बंदच होते.

ब्रिटानिकाचे भाषांतर करणे हा एक सोपा मार्ग होता. तो केतकरांनी स्वीकारला नाही. कोणताही ज्ञानकोश कुठल्या तरी समाजाच्या मध्यावर उभा राहून जगाकडे पाहतो, हे त्यांचे गृहीतक होते. इंग्रज वाचकासाठी लंडनच्या एखाद्या उपनगराचे जे महत्त्व असेल, ते वऱ्हाडातील वाचकाला असणार नाही. उलट कापूस, ऊस, येथील जाती, नद्या, तीर्थक्षेत्रे, संतकवी आणि राजघराणी यांची माहिती त्याला सविस्तर हवी असते. म्हणून या कोशाच्या नावात मराठी या शब्दाऐवजी महाराष्ट्रीय हा शब्द आला. भाषेबरोबरच पाहण्याचे स्थानही आपले असावे, हा त्यामागील अर्थ होता.

१९१५-१६ च्या सुमारास नागपूर येथे या कामाची सुरुवात झाली. त्यासाठी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन करण्यात आली. कापडाची गिरणी किंवा साखरेचा कारखाना काढावा, त्या पद्धतीने भाग विकून विश्वज्ञानाचा कोश काढण्याची ही कल्पना त्या काळी अनेकांना धाडसाची वाटली. कोशासाठी आगाऊ वर्गणीदार मिळवावे लागत. त्यासाठी स्वतः केतकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत. विद्वानाने वर्गणी गोळा करण्यासाठी दारोदार जाणे हे तेव्हा प्रतिष्ठेचे मानले जात नसे. केतकरांनी त्याची पर्वा केली नाही. राजाश्रय मिळाला तर आश्रयदात्याची मर्जी सांभाळावी लागते. वाचकाने पैसे मोजून विकत घेतलेला ग्रंथ मात्र वाचकालाच बांधील राहतो, अशी त्यांच्या या व्यवहारामागील भूमिका दिसते.

पुढे मंडळाचे काम पुण्यास हलवण्यात आले. तेथे संपादकवर्ग, ग्रंथसंग्रह आणि छापखाना अशी सर्व व्यवस्था उभी राहिली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे या संपादकवर्गातील पुढे नावारूपास आलेले सहकारी होत.

ज्ञानकोशाची रचना

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा पहिला खंड १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या दशकाच्या अखेरपर्यंत २३ खंडांचे काम पूर्ण झाले. या कोशाची मांडणी इतर कोशांहून वेगळी आहे. आरंभीचे पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग व विज्ञानेतिहास अशी त्यांची नावे आहेत. त्यांत विषय अकारविल्हे न लावता सलग ग्रंथाप्रमाणे मांडले आहेत. वाचकाने सुट्या नोंदी पाहण्यापूर्वी जगाचा इतिहास, त्यातील हिंदुस्थानाचे स्थान आणि विद्यांची वाढ यांचा एकत्रित आराखडा समजून घ्यावा, हा त्यामागील हेतू होता. सहाव्यापासून एकविसाव्या खंडापर्यंत अकारविल्हे नोंदी येतात. बाविसावा खंड सूचीचा असून तेविसावा पुरवणीखंड हिंदुस्थानाविषयी आहे.

प्रस्तावनाखंडांत केतकरांचे स्वतःचे संशोधनही आले आहे. वैदिक काळाचा विचार करताना यज्ञकर्म करणाऱ्या मंत्रकर्त्यांची संस्कृती आणि राजवंशांच्या कथा जपणाऱ्या सूतांची संस्कृती असे दोन प्रवाह त्यांनी वेगळे काढले. ऋग्वेदातील दाशराज्ञ युद्धाला त्यांनी या मांडणीत महत्त्वाचे स्थान दिले. सर्व अभ्यासकांना ही मते पटली नाहीत. परंतु मराठी वाचकासमोर केवळ परक्या विद्वानांचे निष्कर्ष न ठेवता स्वतंत्र उपपत्ती मांडण्याची हिंमत त्यांत दिसते.

कोशाच्या कामातील एक मोठी अडचण परिभाषेची होती. रसायन, वैद्यक, यंत्रविद्या, कायदा, अर्थशास्त्र या प्रत्येक शास्त्राचे शब्द मराठीत नव्याने घडवावे लागत किंवा संस्कृतातून आणि लोकव्यवहारातून शोधून काढावे लागत. एकाच संकल्पनेला दोन नोंदींत दोन शब्द येऊ नयेत, याकडेही लक्ष द्यावे लागे. निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ लेखक मराठीत पुरेसे नसल्यामुळे लेखनाचा बराच भार कार्यालयातील संपादकवर्गावर पडला. त्यामुळे काही नोंदी उपलब्ध इंग्रजी ग्रंथांचे संकलन करून तयार झाल्या. नोंदींच्या लांबीतील असमतोल, प्रस्तावनाखंडांना दिलेली जास्त जागा आणि काही ठिकाणची रूक्ष, बोजड भाषा यांवर टीकाही झाली. हे दोष मान्य करूनही एका दशकात २३ खंड वाचकांच्या हाती देणे ही मराठी ग्रंथव्यवहारातील असाधारण घटना ठरते.

आपल्या अनुभवांचा हिशोब केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडला आहे. कोशनिर्मितीची व्यावहारिक बाजू समजून घेण्यासाठी ते पुस्तक आजही उपयुक्त आहे. मराठीपाठोपाठ गुजराती भाषेतही असा कोश काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला; परंतु तो तडीस गेला नाही.

विवाह व सहजीवन

लंडनमध्ये परिचय झाल्यानंतर केतकर आणि ईडिथ कोन यांच्यामध्ये पहिले महायुद्ध आले. युद्धकाळात जर्मनी हे ब्रिटिश साम्राज्याचे शत्रुराष्ट्र असल्याने दोघांच्या भेटीचा मार्ग बंद होता. १९२० मध्ये, म्हणजे ज्ञानकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, त्यांचा विवाह झाला. व्रात्यस्तोम विधीने ईडिथ यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्यांचे नाव शीलवती ठेवण्यात आले. जातीबाहेर विवाह करण्याची बंदी हे जातीचे लक्षण म्हणून ज्याने ग्रंथात नोंदवले, त्यानेच ती बंदी स्वतःच्या आयुष्यात ओलांडली. परधर्मीयास हिंदू समाजात प्रवेश देता येतो, हे शास्त्राधाराने दाखवण्याचाही हा प्रयत्न होता.

शीलवतीबाईंचे जर्मन भाषेचे ज्ञान ज्ञानकोशाच्या कामी आले. प्राग येथील प्राध्यापक विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये आणि दुसरा १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरातील संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ अनेक दशके वापरला; पुण्याच्या एका ओढगस्तीच्या घरात झालेल्या कामाची ती फलश्रुती होती, हे मात्र त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे शीलवतीबाईंचे मराठी आत्मकथन केतकरांच्या घरगुती जीवनाची माहिती देणारे महत्त्वाचे साधन आहे.

कादंबऱ्या व अन्य लेखन

ज्ञानकोशाच्या धामधुमीतच केतकरांनी कादंबरीलेखन सुरू केले. गोंडवनातील प्रियंवदा, परागंदा, आशावादी, गावसासू, ब्राह्मणकन्या, विचक्षणा आणि भटक्या या त्यांच्या कादंबऱ्या आहेत. त्यांतील ब्राह्मणकन्या (१९३०) ही सर्वांत प्रसिद्ध आहे. मिश्र कुळात जन्मलेल्या सुशिक्षित मुलीला समाजात कोणते स्थान मिळते, हा तिचा विषय आहे. नायिका कालिंदी हिच्यामागे लागलेला कुलाचा प्रश्न हा जातिसंस्थेवरील ग्रंथात आलेला प्रश्नच होय. येथे तो एका मुलीच्या लग्नाचा, घराचा आणि पोटापाण्याचा प्रश्न बनून येतो. कथानकाची बांधणी व संवाद यांच्या दृष्टीने या कादंबऱ्या ओबडधोबड वाटतात, असे समीक्षकांचे मत आहे. शहरी मध्यमवर्गाबाहेरचे जग, परदेशी गेलेले महाराष्ट्रीय, मिश्र विवाह, स्त्रीची आर्थिक स्थिती असे विषय मात्र त्यांच्यामुळे मराठी कादंबरीत आले. दुर्गा भागवत यांनी केतकरी कादंबरी या नावाने या कादंबऱ्यांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे.

निःशस्त्रांचे राजकारण (१९२६) या पुस्तकात त्यांनी राजकीय प्रश्नांचा, तर महाराष्ट्रीयांचे काव्यपरीक्षण (१९२८) या ग्रंथात मराठी काव्यविचाराचा परामर्श घेतला. प्राचीन महाराष्ट्र या इतिहासग्रंथाचे शातवाहन पर्व १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. राजांच्या वंशावळींबरोबर लोकांच्या जाती, भाषा, वस्ती आणि दैवते यांचा विचार करून महाराष्ट्राचा इतिहास रचावा, ही त्यांची दृष्टी या ग्रंथात दिसते.

अखेरची वर्षे

१९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. निजामाच्या राज्यात, मराठीला राजभाषेचे स्थान नसलेल्या नगरीत, मराठी ज्ञानव्यवहाराच्या प्रवर्तकाचा हा गौरव झाला.

सन्मान मिळाला तरी स्थैर्य मिळाले नाही. ज्ञानकोश पूर्ण झाल्यावर त्याच्या संपादकाला नियमित उत्पन्नाचे साधन उरले नाही. परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट आणि २३ खंडांचे संपादन जमेस असूनही त्यांना कोठे स्थिर अध्यापनाची जागा लाभली नाही. आर्थिक ओढाताण आणि आजारपण यांतच त्यांची अखेरची वर्षे गेली. लेखन मात्र चालूच राहिले. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राच्या सविस्तर इतिहासाचा त्यांचा संकल्प अपुरा राहिला.

वारसा

ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेल्या मंडळींनी मराठी कोशवाङ्मयाची पुढील बांधणी केली. दाते आणि कर्वे यांनी अन्य सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी शास्त्रीय परिभाषा कोश आणि सुलभ विश्वकोश ही कामेही केली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम शासनाच्या वतीने सुरू झाले. जे काम केतकरांना भाग विकून करावे लागले, त्याची जबाबदारी आता शासनाने स्वीकारली होती.

द. न. गोखले यांनी लिहिलेले केतकरांचे चरित्र मराठी चरित्रवाङ्मयात महत्त्वाचे मानले जाते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशातील बरीचशी शास्त्रीय माहिती आज कालबाह्य झाली आहे. मात्र जाती, गावे, पिके, ग्रंथकार आणि स्थानिक इतिहास यांविषयीच्या नोंदी अभ्यासक अजूनही पाहतात. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हे खंड महाजालावर उपलब्ध करून दिल्यामुळे, एके काळी ज्याच्यासाठी दारोदार वर्गणीदार शोधावे लागले, तो कोश आता कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

निवडक ग्रंथसंपदा

हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया (इंग्रजी, १९०९)
ॲन एसे ऑन हिंदुइझम (इंग्रजी, १९११)
महाराष्ट्रीय ज्ञानकोश (संपादन, २३ खंड)
निःशस्त्रांचे राजकारण (१९२६)
माझे बारा वर्षांचे काम
महाराष्ट्रीयांचे काव्यपरीक्षण (१९२८)
ब्राह्मणकन्या (कादंबरी, १९३०)
प्राचीन महाराष्ट्र : शातवाहन पर्व (१९३५)